ओझे स्प्रिंगच्या वर की स्प्रिंगच्या खाली

सायकल विकत घेताना माणूस एका विचाराने घेतो आणि वापरताना दुसऱ्याच गरजेने वापरतो, ही गोष्ट लातूर जिल्ह्यातील औशासारख्या तालुक्याच्या गावी जितकी ठळकपणे नजरेस येते तितकी मोठ्या शहरात येत नाही. कारण शहरात घरी दोन वाहने असली तर प्रत्येकाचे काम निराळे असते, आणि येथे घरात आलेल्या एकाच सायकलीने प्रथम थोरल्याची हौस, मग धाकट्याची शाळा आणि अखेरीस वडिलांचे दूध, वैरण व बाजारहाट असा सारा संसार वाहावा अशी अपेक्षा असते. दहावीच्या निकालानंतर हट्टाने घेतलेली, जाड टायरची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली, म्हणजे बाजारच्या भाषेत शॉकअपची सायकल, काही वर्षांनी जेव्हा शेताच्या वाटेला लागते, तेव्हा तिला मागे कॅरिअर बहुधा नसतेच; ते बसवून घेतले तरी एक पोते किंवा एक माणूस यांनीच ते भरून जाते, आणि मग पुढच्या चाकावर काहीतरी ठेवण्याची सोय करावी असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. या साध्या दिसणाऱ्या मागणीपाशी मात्र चांगला कसबी कारागीरही हातातला पाना क्षणभर खाली ठेवतो, आणि त्याने तो ठेवावा हेच योग्य आहे.

जुन्या सायकलीच्या बाबतीत हा प्रश्न मुळात उद्भवतच नसे. मुंबईच्या वरळी भागात निघालेली हिंद, १९५१ साली सोनिपतला उभी राहिलेली अ‍ॅटलस, १९५६ पासून लुधियान्यात तयार होऊ लागलेली हीरो, या सर्वांनी जी काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल आपल्या खेड्यापाड्यांत पोचविली, तिचा आराखडा मूळ इंग्रजी होता आणि त्या आराखड्यात ओझ्याचा विचार आरंभापासूनच केलेला होता. पुढच्या चाकाला बत्तीस स्पोक आणि मागच्याला चाळीस, ही त्या सायकलींची जुनी वहिवाट. म्हणजे भार मागे टाकावयाचा हे कारखानदाराने चाकातच नमूद करून ठेवले होते. तरीही दूधवाल्यांसाठी व फेरीवाल्यांसाठी जी जड जात निघाली तिला दुहेरी चिमटा असे: मुख्य चिमट्याच्या पुढे आणखी दोन सळ्या, खाली चाकाच्या आसापासून निघून वर हँडलच्या मुळाशी जाऊन भिडलेल्या. अशा चिमट्याला दुधाची किटली अडकवा, लोखंडी जाळी बसवा की भाजीची टोपली बांधा, खालचे टोक आसावर आणि वरचे टोक हँडलवर असा सरळ हिशेब होता. मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात पुढे जेव्हा सायकल आली, तेव्हा हँडलच्या दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या लोंबकळत असतानाही ती गर्दीतून सुखरूप निघत असे, त्याचे श्रेय चालवणाऱ्याच्या कौशल्याइतकेच त्या न हलणाऱ्या चिमट्याकडेही जाते. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रे वाटणाऱ्या सायकलस्वारांची तर पुढच्या चाकावर पंधरा किलोचे ओझे घेऊन शर्यत होत असे, आणि त्यांचे रुंद कॅरिअरही खाली आसावरच टेकलेले असे.

मराठवाड्यात पुढच्या ओझ्याचा सर्वांत परिचित नमुना आज मुलींच्या सायकलीवर दिसतो. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना ज्या सायकली मिळतात, त्यांच्या पुढे जाळीची बास्केट असते; वर ती हँडलला घट्ट असते आणि खाली दोन पातळ पट्ट्या तिला पायांसारख्या आधार देत थेट आसाच्या नटाखाली जाऊन बसतात. दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि क्वचित दुकानातून आणावयाचे मीठ-साखर इतके सामान ती बास्केट कुरकुर न करता वाहते. या बास्केटीचे वर्णन मुद्दाम केले, कारण शॉकअपच्या सायकलीवर पुढचे कॅरिअर बसविण्याचा पहिला प्रयत्न बहुतेक ठिकाणी हीच बास्केट उचलून तिकडे लावण्याचा असतो, आणि तो हटकून फसतो.

तो का फसतो हे समजण्यासाठी चिमट्याच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. साधा चिमटा हा एकसंध असतो. आस आणि हँडल यांच्यामधले अंतर त्यात कधीही बदलत नाही. शॉकअपच्या चिमट्याचे दोन भाग असतात. वरच्या माथ्याला घट्ट बसवलेल्या दोन गुळगुळीत, चकचकीत नळ्या असतात, आणि त्या खालच्या दोन जाड नळ्यांत आत-बाहेर सरकतात. खालच्या नळ्यांना चाकाचा आस, ब्रेकच्या खुंट्या किंवा डिस्कची बैठक असते आणि चाकाच्या वरून जाणारी एक कमान त्या दोघींना एकत्र बांधते. आत स्प्रिंग असते; महाग चिमट्यात तिच्या जागी कोंडलेली हवा आणि सोबत तेल. चाकाखाली दगड आला की खालच्या नळ्या चाकासह वर जातात आणि हँडल आपल्या जागी राहते. स्वस्त सायकलीत हे सरकणे पाच ते आठ सेंटिमीटरचे असते, डोंगरी वापराच्या चांगल्या सायकलीत दहा सेंटिमीटर व त्याहून अधिक. तेव्हा ज्या वस्तूचे एक टोक हँडलला आणि दुसरे आसाला बांधले आहे, तिला प्रत्येक खड्ड्यात पाच-सहा सेंटिमीटर आखूड व्हावे लागेल, आणि लोखंडी पट्टी आखूड होत नाही. ती वाकते, किंवा तिने हट्ट धरला तर स्प्रिंग चालतच नाही. पहिल्या प्रकारात बास्केटीचे पाय आठवडाभरात धनुष्याकृती होतात. दुसऱ्या प्रकारात शॉकअप असूनही नसल्यासारखा होतो आणि त्याचे हादरे बास्केटीच्या नटांना सोसावे लागतात. दुहेरी चिमट्याच्या सळ्याही याच कारणाने येथे निरुपयोगी ठरतात.

यावरून जो नियम निघतो तो अगदी लहान आहे, आणि या विषयावरील सारे मतभेद अखेर त्याच्याच पोटात येतात: कॅरिअरचे सर्व आधार स्प्रिंगच्या एकाच बाजूला असले पाहिजेत. ते सर्व खाली, म्हणजे सरकणाऱ्या नळ्यांवर व आसावर असोत, अथवा सर्व वर, म्हणजे माथ्यावर, हँडलवर किंवा सायकलीच्या चौकटीवर असोत. एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून उभे राहणे चालणार नाही. कोणत्या कंपनीचे कॅरिअर घ्यावे, कोणत्या धातूचे घ्यावे, किती किमतीचे घ्यावे, हे प्रश्न त्यानंतरचे.

स्प्रिंगचा चिमटा सायकलीला आला तो ओझ्यासाठी आला नाही, हेही येथे नोंदविणे अवश्य आहे. मोटारसायकलीला तो फार पूर्वीपासून होता. इंग्लंडात अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची जी सायकल बाजारात आणली तिच्या पुढच्या दांड्यात रबर व स्प्रिंग यांची योजना होती, परंतु ती विशेष जातीची सायकल होती. आणि मोल्टन हे चतुर गृहस्थ असल्यामुळे त्यांनी पुढचे कॅरिअर हलणाऱ्या भागाला न जोडता चौकटीच्या उभ्या नळीला जोडले होते. डोंगरउतारावर सायकल पळविणाऱ्या अमेरिकन तरुणांसाठी १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्सचे चिमटे निघाले आणि तेथून ही चाल जगभर पसरली. जी वस्तू शर्यतीसाठी निर्माण झाली तिची स्वस्त प्रतिकृती दहा-पंधरा वर्षांत लुधियान्यात तयार होऊ लागली आणि लातूर, उदगीर, औसा येथील दुकानांपुढे ओळीने उभी राहिली. मूळ चिमट्यात तेलाचा प्रवाह स्प्रिंगच्या उसळीला आवर घालतो. प्रतिकृतीत बहुधा नुसती स्प्रिंग, थोडे ग्रीस आणि प्लॅस्टिकच्या दोन वाट्या असतात. ही टीका म्हणून लिहिलेले नाही. त्या किमतीत याहून अधिक देता येत नाही, आणि मुलांना जे हवे असते ते रूप त्यात पुरेपूर मिळते. परंतु कॅरिअर बसविताना आपल्या सायकलीचा चिमटा यांपैकी कोणत्या कुळातला आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांतील सल्ले बहुधा पहिल्या कुळासाठी लिहिलेले असतात.

आता खालच्या पक्षाचा विचार करू. ओझे स्प्रिंगच्या खाली, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागावर ठेवले, तर त्याचा पहिला लाभ असा की स्प्रिंगला त्या ओझ्याचा भार मुळीच जाणवत नाही. ती बसत नाही आणि हँडलची उंची तसूभरही बदलत नाही. दुसरा लाभ असा की ओझे आसाच्या जवळ, खाली ठेवता येते, आणि खाली ठेवलेले ओझे हँडलला कमी छळते. अमेरिकेत जिम ब्लॅकबर्न यांनी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आसाच्या उंचीवर पिशव्या टांगण्याचे जे बुटके कॅरिअर प्रचारात आणले त्याचे मर्म हेच होते. तोटा मात्र मोठा आहे. स्वस्त सायकलीचे पुढचे चाक, टायर-ट्यूब, हब आणि खालच्या नळ्या मिळून वजन साधारण साडेतीन किलो धरले, आणि त्यावर सात किलोचे सामान चढविले, तर दगडावरून जाताना स्प्रिंगच्या खालून जे वस्तुमान उसळते ते तिप्पट झाले. स्प्रिंगने त्याला पुन्हा खाली दाबून रस्त्याशी भेटवावयाचे असते. तिप्पट वस्तुमान ती त्याच वेगाने खाली आणू शकत नाही, म्हणून चाक हवेत अधिक वेळ राहते आणि वळणावर पकड सुटते. शिवाय सामानाला कोणतीच गादी मिळत नाही. हँडल धरणाऱ्याच्या मनगटांना जो आराम मिळतो तो सामानाच्या वाट्याला येत नसल्यामुळे टोमॅटो, अंडी, काचेच्या बाटल्या किंवा मोजमापाची यंत्रे अशा जिनसांसाठी ही जागा नव्हे. कणीक, कपडे, तंबू, दोरखंड यांस हरकत नाही.

या पक्षाचे परदेशी कारागीर प्रसिद्ध आहेत. ओल्ड मॅन माउंटन या अमेरिकन कंपनीने मूळच्या आसाऐवजी खास लांब आस घालून कॅरिअरचे पाय थेट त्यावर उभे केले, म्हणजे सारा उभा भार आसानेच पेलावा आणि वरच्या पट्ट्यांनी फक्त तोल सांभाळावा. न्यूझीलंडमध्ये फ्रीलोड या नावाने निघालेली आणि पुढे थुले या स्वीडिश कंपनीकडे गेलेली दुसरी एक रचना आहे. तिला ना खुंटी लागते ना भोक, जाड पट्ट्यांनी ती खालच्या नळ्यांना आवळून बांधतात. दोन्ही वस्तू आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत, आणि मागविल्या तर त्यांची किंमत कित्येकदा संबंध सायकलीच्या किमतीशी स्पर्धा करते. त्यांची माहिती घेण्याचा उपयोग एवढाच की त्यांच्यामागील युक्ती औशाच्या वेल्डिंगच्या दुकानातही करता येते.

ही युक्ती नीट समजून घ्यावी, कारण येथेच बहुतेकांची चूक होते. खालच्या नळ्यांना क्लिपा लावून कॅरिअर बांधले की ते बसले असे वाटते. पाइपाला लावतात त्या क्लिपा स्वस्त असतात, जुन्या ट्यूबची पट्टी मध्ये घातली की नळीला ओरखडाही पडत नाही, आणि दुकानातून निघताना सारे भक्कम दिसते. परंतु क्लिप ही गोष्ट बाजूचा रेटा थोपविण्यासाठी आहे. उभा भार तिच्यावर टाकला की प्रत्येक धक्क्याला ती केसभर खाली घसरते, आणि लामजन्याच्या किंवा किल्लारीच्या बाजूला जाणाऱ्या आडरस्त्यावर असे केस फार लवकर जमा होतात. म्हणून कॅरिअरच्या पायांना खाली भोके पाडलेल्या चपट्या पट्ट्या हव्यात आणि त्या पट्ट्या आसाच्या नटाखालीच बसल्या पाहिजेत. वरची क्लिप किंवा ब्रेकची खुंटी ही केवळ मागे-पुढे झुकू न देण्यासाठी. रिमला पकडणारे ब्रेक असलेल्या चिमट्यावर या खुंट्या खालच्या नळ्यांवरच असतात, म्हणजे त्या आसाबरोबरच हलतात, आणि त्यांचा उपयोग निर्धास्तपणे करता येतो. फक्त बोल्ट थोडा लांब लागतो आणि ब्रेकची पाती मोकळी फिरते की नाही हे पाहावे लागते. डिस्कच्या सायकलीला त्या खुंट्या नसतात, आणि डाव्या बाजूस डिस्क व तिचे यंत्र असल्यामुळे त्या बाजूची पट्टी थोडी बाहेरून वळवून न्यावी लागते. आसाचा नट एकदम सैल न करता चाक मध्यभागी आहे हे पाहून पुन्हा आवळावा, आणि पट्टी नटाच्या व चिमट्याच्या मध्ये येत असल्यामुळे आसाचे आटे नटात पूर्ण भरतात ना याची खात्री करावी. आसाचे टोक नटाच्या आतच राहिले असेल तर ते कॅरिअर त्या सायकलीसाठी नव्हे. जलद उघडणाऱ्या कळीचा पोकळ आस असेल तर त्यावर असा भार टाकण्याचा विचार सोडावा.

आणखी एक माप फार थोडे लोक घेतात. कॅरिअरची वरची ताटली चाकासह वर येते, तेव्हा ती हँडलच्या बुडाला, दिव्याला किंवा ब्रेकच्या तारांना किती जवळ जाते? स्प्रिंग जितकी सरकते तितके अंतर, आणि वर एक बोट अधिक, इतकी मोकळी जागा सामानाच्या माथ्यावरही हवी. चिमट्याच्या आतल्या चकचकीत नळीला खालच्या नळीलगत एक दोरा बांधावा, सायकलीवर बसून पुढचा ब्रेक दाबून जोराने पुढे रेलावे, आणि दोरा किती वर सरकला ते मोजावे. एवढ्या दोन मिनिटांच्या खटाटोपाने पुढची बरीच मोडतोड टळते. मात्र तो दोरा बांधण्याव्यतिरिक्त त्या आतल्या नळीवर काहीही बांधू नये. तिच्यावर क्लिप लावली की स्प्रिंगची वाट अडते, गुळगुळीत पृष्ठावर चरे पडतात आणि तेलाचा चिमटा असेल तर तेल गळू लागते. खालच्या नळ्यांना भोके पाडण्याची सूचना कोणी केली तर ती तत्काळ नाकारावी, मग सूचना करणारा कितीही अनुभवी असो: चांगल्या चिमट्यात त्या नळ्या मॅग्नेशियमच्या ओतीव आणि पातळ असतात, स्वस्त चिमट्यात पोलादाच्या असल्या तरी आतल्या स्प्रिंगची व वाटीची जागा नेमकी कोठे आहे हे बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगचे तर नावच काढू नये. आतले प्लॅस्टिक व ग्रीस ठिणगीबरोबरच निकामी होते.

ओझे किती आहे याहून ते कोणत्या आसावर किती पडते याचा विचार आधी करणारा एक माणूस लातूरच्या परिसराला फार पूर्वी भेटला होता. बार्शी लाइट रेल्वेचे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी आखताना प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असे धोरण ठेवले आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सारी रचना त्या एका आकड्याभोवती बांधली. १९११ साली लातूरपर्यंत पोचलेली ती गाडी हलक्या रुळांवर कित्येक दशके कापूस आणि धान्य वाहत राहिली. सायकलीच्या पुढच्या आसाला असा आकडा कारखानदार छापून देत नाहीत, तो आपणच ठरवावा लागतो. साध्या, न हलणाऱ्या चिमट्यावर बसणारे ट्यूबस या जर्मन कंपनीचे तारा हे कॅरिअर उत्तम पोलादाचे असूनही पंधरा किलोंसाठीच आहे, हे लक्षात घेतले तर स्वस्त शॉकअपच्या खालच्या नळ्यांवर सहा-सात किलोंपुढे जाऊ नये हे माझे मत कोणास भित्रेपणाचे वाटू नये.

वरच्या पक्षाची कैफियत याच्या उलट आहे. ओझे हँडलवर किंवा चौकटीवर ठेवले की ते स्प्रिंगवर बसते, सामानाला गादी मिळते, चाक हलके राहून रस्ता सोडत नाही. त्याबद्दल स्प्रिंगला थोडे अधिक दबावे लागते. हे दबणे किती, याचा अंदाज कठीण नाही. सायकलस्वार व सायकल मिळून ऐंशी किलो धरले आणि त्यातील बत्तीस किलो पुढच्या चाकावर आले, आणि त्या भाराने चिमटा दीड सेंटिमीटर दबत असेल, तर आणखी दहा किलोंनी तो जवळजवळ अर्धा सेंटिमीटर अधिक दबेल. सहा सेंटिमीटरांच्या धावेत हा तोटा सोसण्यासारखा आहे, आणि चिमट्याच्या माथ्यावर स्प्रिंग आवळण्याचा पेच असेल तर तो भरूनही काढता येतो. खरी अडचण स्प्रिंगची नसून सुकाणूची आहे. हँडलला लटकावलेले ओझे हँडलबरोबर फिरते, आणि ते जितके उंच व जितके पुढे तितके हँडल वळविण्यास जड जाते. उताराला पुढचा ब्रेक दाबला की चिमटा आधीच खाली डुबतो, त्यात ओझ्याची भर पडते. अलीकडे लांब पल्ल्याचे सायकलस्वार लोखंडी कॅरिअर सोडून हँडलला लांबोळकी पिशवी आडवी बांधतात, त्यात पांघरूण व कपडे असे फुगीर पण हलके सामान भरतात, आणि जड वस्तू चौकटीच्या त्रिकोणात ठेवतात. औशाहून तुळजापूरला देवीच्या दर्शनासाठी सायकलीने जाणाऱ्यांना ही पद्धत पुरेशी आहे, आणि तिला एकही नट लागत नाही. तीन-चार किलोंपर्यंत मी तिचाच पुरस्कार करीन. फक्त पिशवीचे बूड चिमटा पूर्ण दबला असताना टायरला घासत नाही हे पाहावे, कारण घासलेली पिशवी चाकात ओढली गेली तर स्वाराला पुढे फेकण्यास तेवढे कारण पुरते.

वरच्या पक्षातच एक उपपक्ष आहे आणि माझ्या मते या सबंध प्रश्नात तोच सर्वांत उपेक्षित राहिला आहे: कॅरिअर हँडलला न जोडता चौकटीच्या पुढच्या उभ्या नळीला जोडणे. नेदरलंडमधील सामानवाहू सायकलींवर, ब्रिटिश टपाल खात्याच्या जुन्या पॅशली सायकलींवर, आणि अँड्र्यू रिची यांच्या घडी होणाऱ्या ब्रॉम्प्टनच्या पिशवीतही हीच पद्धत आहे. हँडल वळते, चाक वळते, आणि कॅरिअर नाकासमोर सरळ पाहत राहते. पहिल्या दिवशी स्वाराला चमत्कारिक वाटते, कारण वळताना सामान वळत नाही आणि आपण अजून सरळच चाललो आहोत असा भास होतो. परंतु हाताला ओझे जाणवत नाही, स्प्रिंगही आपले काम निर्वेध करते. अशी बैठक पोलादी चौकटीवर यू-बोल्टांनी आवळून, खाली तिरप्या दांड्याला एक आधार देऊन, खिडक्यांच्या जाळ्या करणारा कोणताही कारागीर अर्ध्या दिवसात तयार करू शकतो. पोलादी चौकट असली तरी वेल्डिंगपेक्षा यू-बोल्ट बरा, आणि अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वेल्डिंग सर्वथा वर्ज्य. ताटलीचे बूड चिमटा पूर्ण दबल्यावर वर येणाऱ्या टायरच्या वर राहिले पाहिजे आणि हँडल दोन्हीकडे मोकळे फिरले पाहिजे, एवढ्या दोन अटी पाळल्या की दहा किलोंपर्यंतचे ओझे येथे सुखाने बसते.

पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि या जिल्ह्यात सायकलीवरील ओझ्याचा आढावा घेताना पाणी वगळणे शक्य नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन, हे साऱ्या देशाने वाचले. त्या पाण्याचा आणि टँकरच्या पाण्याचा शेवटचा पल्ला, टाकीपासून घरापर्यंतचा, किती सायकलींनी ओढला हे कोणी वाचले नाही. पंधरा-वीस लिटरची घागर म्हणजे पंधरा-वीस किलो, आणि शिवाय ती हिंदकळते. हिंदकळणारे ओझे हँडलवर टांगले की प्रत्येक झोक्याबरोबर हँडल आपल्या मताने वळू पाहते, स्प्रिंग त्या झोक्याला आणखी ताल देते. शॉकअपच्या सायकलीवर घागरी न्यावयाच्याच असतील तर त्या मागच्या कॅरिअरच्या दोन बाजूंना, झाकण घट्ट लावलेल्या कॅनमध्ये, आसाच्या जितक्या जवळ तितक्या. पुढे एकही नको.

राहिला तो मूलगामी उपाय, शॉकअपच काढून साधा चिमटा घालणे. ज्याची सायकल आता पूर्णपणे कामाची झाली आहे त्याने हा उपाय हसण्यावारी नेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर याच तालुक्यातील अनेक गावे नव्या जागी, ऐसपैस वसली आणि कित्येकांचे शेत घरापासून पूर्वीपेक्षा दूर पडले. अशा ठिकाणी रोज दुधाचे कॅन आणि वैरण नेणाऱ्याला स्प्रिंगच्या सुखापेक्षा भक्कम चिमटा अधिक उपयोगी. परंतु दुकानातला कोणताही चिमटा चालणार नाही. शॉकअपचा चिमटा त्यातील सरकण्याच्या जागेमुळे लांब असतो. त्याजागी आखूड चिमटा घातला की सायकलीचे नाक खाली जाते, आणि लांबीत दर दोन सेंटिमीटरांच्या फरकाला हँडलच्या दांड्याचा कल साधारण एक अंशाने बदलतो. सहा सेंटिमीटर आखूड चिमटा म्हणजे तीन अंशांचा फरक. अशी सायकल चंचल होते आणि पायडल जमिनीला लागू लागतात. जुना चिमटा काढण्यापूर्वी त्याच्या माथ्यापासून आसापर्यंतची लांबी स्वार बसलेला असताना मोजावी, वरच्या दांड्याची जाडी व आटे जुळवावेत, सव्वीस इंची चाकाला अठ्ठावीस इंची सायकलीचा चिमटा गळ्यात मारू देऊ नये, आणि ब्रेकची जागा चिमट्यावर आहे की नाही हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. हे सारे जुळले तर त्यावर बास्केट, दुहेरी सळ्या, जाळी, जे हवे ते जुन्या पद्धतीने बसविता येते, आणि या लेखातील बहुतेक नियम त्या माणसापुरते रद्द होतात.

दोन किरकोळ पण त्रासदायक गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. एक स्टँडची: जुन्या सायकलीचा रुंद, मागचे चाक उचलणारा स्टँड पुढच्या ओझ्यालाही पुरत असे, शॉकअपच्या सायकलीला बहुधा बाजूचा एकपायी स्टँड असतो, पुढे ओझे ठेवून ती उभी केली की हँडल आपोआप वळते, चाक निसटते आणि सायकल सामानासह आडवी होते. दोनपायी स्टँड बसवावा, किंवा चिमट्याच्या माथ्यापासून चौकटीच्या तिरप्या दांड्यापर्यंत हलकी स्प्रिंग अडकवून हँडल सरळ ठेवावे. ही स्प्रिंग माथ्यालाच बांधावी, खालच्या कमानीला नव्हे. दुसरी काळ्या मातीची: पावसाळ्यात आपल्या शिवारातली माती टायर आणि चिमट्याची कमान यांच्यामध्ये इतकी गच्च बसते की चाक फिरेनासे होते, आणि कमानीवरून कॅरिअरचा आडवा गज गेला असेल तर ती काढण्यास बोटही शिरत नाही. तो गज कमानीपासून दोन-तीन बोटे वर घ्यावा, मडगार्ड लांबवर न्यावा, आणि कॅरिअर बसविल्यावर लातूरपर्यंतची पहिली खेप रिकामी न करता निम्म्या ओझ्याने करून परत आल्यावर सारे नट पुन्हा एकदा आवळावेत. त्या पहिल्या खेपेतच रंग दबतो, रबराच्या पट्ट्या बसतात आणि जे सैल व्हावयाचे असते ते बहुधा तेव्हाच सैल होते.